बायपासवरचा ड्रॅगन आणि बाजारपेठेतले वाडे

मंडळी, जरा लांबलचक लिहितोय. चहा घेऊन बसा.

बायपासला पेट्रोल पंपाच्या पुढं नवं चायनीज हॉटेल सुरू झालंय, हे एव्हाना गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. कारण तिथलं जेवण नाही, दारावरचा ड्रॅगन. बारा फूट लांब, फायबरचा, सोनेरी रंगाचा. रात्री डोळ्यांत लाल दिवे लागतात. गेल्या आठवड्यापासून आपल्या तीन-चार व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्याच्यावरून जुंपली आहे. एक तट म्हणतो, जवान सीमेवर उभे आहेत आणि हे इथं चीनची आरती ओवाळतायत. दुसरा तट म्हणतो, धंदा आहे बाबा, करू द्या. परवा ड्रॅगन उतरवायला लावा म्हणून मुख्याधिकाऱ्यांना निवेदन द्यायचं ठरलं आणि 'फोटोसह बातमी लावा' असा मला फोन आला.

बातमी मी लावली नाही. पण विषय डोक्यातून जाईना, म्हणून इथं लिहितोय. इथं संपादक नाही आणि शब्दमर्यादाही नाही.

आधी मालकाबद्दल. तो माझा शाळेतला मित्र. पंधरा वर्षं एसटी स्टँडसमोर त्याची गाडी होती. लाल पत्रा, पिवळी अक्षरं, वर पेंटरनं काढलेला हिरवा ड्रॅगन, सापापेक्षा घोरपडीसारखा दिसणारा. जून २०२० मध्ये गलवानची बातमी आली. केंद्रीय मंत्री रामदास आठवले यांनी तेव्हा चिनी पदार्थ विकणारी हॉटेलं बंद करा, असं आवाहन केलं होतं, आठवत असेल. लॉकडाऊनमुळं आधीच धंदा बसलेला, नुकतं कुठं पार्सल चालू झालेलं. चार पोरं येऊन दमात बोलून गेली. मित्रानं त्या रात्री ड्रॅगनवर वर्तमानपत्राचे कागद चिकटवले आणि वर मार्करनं 'फास्ट फूड' लिहिलं. कागद माझ्याच पेपरचे होते, म्हणून लक्षात राहिलं. आत कढईत तोच कोबी, तेच मंचुरियन. दमात बोलून गेलेल्या चारातले दोघं पुढच्याच आठवड्यात पार्सल घेऊन गेले, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

मंचुरियन नावाचा पदार्थ चीनमध्ये शोधून सापडणार नाही. १९७५ च्या सुमारास मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियामध्ये नेल्सन वँग यांनी तो पहिल्यांदा केला, असं सांगतात. वँग कोलकात्यात जन्मलेले. म्हणजे बहिष्कार घालायचा तर आधी चर्चगेटवर घालावा लागेल.

पदार्थाचं ठीक आहे, हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. मला गंमत वाटली ती सजावटीची. लाल कंदील, वर वळलेलं पॅगोडाचं छत, सोनेरी ड्रॅगन हे जे आपण 'चायनीज' म्हणून ओळखतो, ते तरी चीनचं आहे का?

१८ एप्रिल १९०६ ला अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला मोठा भूकंप झाला आणि मागोमाग आगीनं शहर जळालं. त्यात तिथली चिनी वस्तीही बेचिराख झाली. शहरातल्या पुढाऱ्यांना बरंच झालं. मोक्याची जागा होती, चिनी लोकांना गावाबाहेर हलवायचा घाट आधीपासूनच होता. १८८२ पासून चिनी मजुरांना देशात येऊ न देणारा कायदाही होता. तेव्हा लुक टिन एली नावाच्या व्यापाऱ्यानं डोकं लढवलं. वस्ती तिथंच उभी करायची, पण अशी की गोरा माणूस बघायला यावा, पैसे खर्च करावेत आणि शहराला ती हवीहवीशी वाटावी. त्यानं रॉस नावाचा आर्किटेक्ट आणि बर्ग्रेन नावाचा इंजिनीअर गाठला. दोघंही गोरे, चीन न बघितलेले. त्यांनी साध्या अमेरिकी इमारतींवर पॅगोडाची टोपी चढवली, लाल-हिरवे-सोनेरी रंग दिले. वस्ती वाचली. पुढं जगभरच्या चायनाटाऊननी आणि चिनी हॉटेलांनी तोच नमुना उचलला.

आणखी एक. १९१५ मध्ये तिथल्या एका कोर्टाच्या निकालामुळं हॉटेलमालकाला 'व्यापारी' हा दर्जा मिळू लागला आणि व्यापाऱ्याला चीनहून माणसं आणता यायची. पण हॉटेल टपरीवजा असून चालायचं नाही, भारदस्त पाहिजे. मग नातेवाइकांनी वर्गण्या काढून झुंबरं, कोरीव लाकूड, रेशमी पडदे लावलेली मोठमोठी चॉप सुई हॉटेलं काढली. म्हणजे ती सजावट शोभेची नव्हती, ती व्हिसाची सोय होती. भाऊ, पुतण्या यावा म्हणून भिंतीला सोनेरी रंग. आपल्या मेनूकार्डावर 'अमेरिकन चॉप्सी' असते ना, तिचा 'अमेरिकन' हा असा खराखुरा आहे.

तेव्हा निवेदन देणाऱ्यांना एवढंच सांगणं की बायपासवरचा ड्रॅगन बीजिंगहून आलेला नाही. तो हाकलून दिले जाऊ नये म्हणून धडपडणाऱ्या माणसांनी घातलेला वेश आहे. आणि आपल्या देशानं तरी त्या माणसांशी काय केलं? १९६२ च्या युद्धात सुमारे तीन हजार भारतीय चिनी लोकांना उचलून राजस्थानात देवळीच्या छावणीत टाकलं. त्यातली बरीच इथंच जन्मलेली. काही जण पाच वर्षं अडकले. मुंबईत माझगावला नवाब टँक रोडवर चिनी देऊळ आहे, शंभर वर्षं होऊन गेली त्याला. वस्ती विरळ झाली, देऊळ उरलं. गावोगावच्या चायनीज गाड्यांवर मात्र ड्रॅगन वाढत गेले. चिनी माणसं गेली, त्यांचं चित्र राहिलं.

हे झालं बहिष्कारवाल्यांबद्दल. पण मित्राची बाजू घेऊन मी गप्प बसणार नाही, कारण हॉटेल आतून बघून आलोय.

उद्घाटनाला मी गेलो होतो. पीओपीचं सिलिंग, लाल लॅमिनेट, एमडीएफची सीएनसी कटिंग केलेली जाळी. एका भिंतीवर कंदील, एक लाल एक पांढरा, एक लाल एक पांढरा, मॅचिंग म्हणून. चिनी घरात पांढरा कंदील कुणी गेल्यावर दाराला लागतो. लाल आनंदाचा, पांढरा सुतकाचा. बाथरूमच्या दारावर एक मोठं चिनी अक्षर सोनेरी रंगात. मोबाइलवर फोटो काढून बघितलं, तर ते दुहेरी आनंदाचं अक्षर, लग्नात नवरा-नवरीच्या खोलीला लावतात ते. म्हणजे एका भिंतीवर तेरावा आणि समोर लग्न. मित्राला सांगितलं तर म्हणाला, "अरे पत्रकार, इथं चिनी कोण येणारे वाचायला?" बरोबर आहे. तरी पण. लंडनमधल्या एखाद्या भारतीय हॉटेलानं भिंतीवर ओळीनं श्राद्धाची पिंडं मांडली असती, तर आपण किती पोस्ट लिहिल्या असत्या?

मी काही चीनला जाऊन आलेलो नाही. पासपोर्ट आहे, शिक्का एकही नाही. पण मित्राची मुलगी पुण्यात इंटिरिअर डिझाइन शिकते आणि तिचा या वर्षीचा प्रकल्प नेमका चिनी हॉटेलांवर. (बापानं तिला विचारलं नाही. कोल्हापूरचा कॉन्ट्रॅक्टर 'पॅकेज'मध्ये सगळं करून देत होता.) उद्घाटनाच्या दिवशी ती कोपऱ्यात बसली होती, तिनं मला लॅपटॉपवर तासभर दाखवलं. त्यानंतर घरी येऊन मीही बरंच वाचलं.

तिथल्या नव्या डिझायनर मंडळींनी ड्रॅगन आणि पॅगोडा केव्हाच मागं टाकलाय. त्यांच्या भाषेत त्याला 'नवी चिनी शैली' म्हणतात. करडी वीट, गडद लाकूड, रंग कमी, मोकळी जागा भरपूर. खुर्च्यांची वळणं मिंग काळातली, लाकडात लाकूड अडकवून केलेली, खिळा नाही. पण खरी मजा वस्तूंमध्ये नाही, विचारात आहे. सुचौ नावाच्या शहरात जुन्या बागा आहेत, युनेस्कोच्या यादीतल्या. तिथं बाग एका नजरेत दिसत नाही. गोल दारातून थोडी दिसते, नक्षीच्या खिडकीतून थोडी. एका बागेत अशा १०८ खिडक्या आहेत आणि एकीसारखी दुसरी नाही. जी चंग नावाच्या माणसानं सतराव्या शतकात बागांवर पुस्तक लिहिलं, त्यात 'उसना देखावा' ही कल्पना आहे. बाहेरचा डोंगर, शेजारचं झाड आपल्या खिडकीत असं बसवायचं की ते आपलंच वाटावं. आता शांघायच्या एखाद्या हॉटेलात शिरलात की एकदम चाळीस टेबलं दिसत नाहीत. आधी आडवी भिंत येते. जुन्या घरांतही दारासमोर अशी भिंत असायची, कारण समज असा की भूत सरळ रेषेत चालतं, वळत नाही. भूत राहू द्या, रस्त्यावरून जाणाऱ्याला आपलं ताट दिसत नाही, हे काय कमी आहे? आपल्याकडं दार उघडं की पहिल्या टेबलावरच्या माणसाच्या घासाकडं अख्खी एसटी बघते.

आणि गोल टेबल. चिनी जेवणात कुटुंब एकत्र येण्याला जो शब्द आहे, त्यातच गोलपणा आहे. मधल्या ताटल्या सगळ्यांच्या, दाराकडं तोंड करून बसेल तो मानाचा. त्या टेबलावर फिरती काच असते ना, तिची कथा ऐका. १९१०-११ मध्ये मंचुरियात फुप्फुसाच्या प्लेगची भयानक साथ आली. वू लियन-ते नावाच्या डॉक्टरनं ती आटोक्यात आणली, लोकांना कापडी मास्क लावायला लावला. याच डॉक्टरनं १९१५ मध्ये सुचवलं की सगळ्यांच्या काड्या एकाच ताटलीत जाण्यापेक्षा फिरता पाट करा, प्रत्येक ताटलीला वेगळा चमचा ठेवा. एकत्र जेवण सोडायचं नाही आणि आजारही पसरवायचा नाही. खरा मंचुरियन म्हणावा तर हा. मित्राच्या हॉटेलात असं फिरतं टेबल एकही नाही. सगळी चार-चार जणांची, भिंतीला खिळलेली. आपल्याकडं बारा जणांचं कुटुंब येतं, मग पोरं तीन टेबलं जोडायला धावतात.

आता मला खुपलेली गोष्ट.

शांघायमध्ये शिनतियानदी नावाचा भाग आहे. तिथं दगडी चौकटीच्या दारांची जुनी गल्लीतली घरं होती, आपल्या चाळींसारखी दाट. शेजारीच १९२१ मध्ये चिनी कम्युनिस्ट पक्षाचं पहिलं अधिवेशन झालं ते घर, त्यामुळं आसपास उंच बांधकामाला परवानगी नव्हती. बेंजामिन वूड या अमेरिकी आर्किटेक्टनं त्या घरांचे दर्शनी भाग, दारं, विटा राखून आत हॉटेलं, कॉफीची दुकानं बसवली. २००१ मध्ये सुरू झालं आणि तुफान चाललं. मग चीनभर तसे भाग निघाले. राहणारी कुटुंबं मात्र तिथून गेली. ज्या ओसरीत कुणाची आजी भाजी निवडायची, तिथं आता वाइनचा ग्लास. भिंत जपली, माणूस हलवला.

हाँगकाँगमध्ये जॉन अँथनी नावाचं हॉटेल आहे. ईस्ट इंडिया कंपनीसाठी लंडनमध्ये चिनी खलाशांची व्यवस्था बघणाऱ्या आणि १८०५ मध्ये ब्रिटिश नागरिकत्व मिळवणाऱ्या चिनी माणसाचं ते नाव. तिथली जमीन कसली आहे? चीनच्या खेड्यांतल्या ओस पडलेल्या घरांमधून काढून आणलेल्या जुन्या मातीच्या फरश्यांची. फोटोत फार सुंदर दिसते. पण मी तो फोटो बघताना विचार करत होतो, की त्या फरशीवर कोण रांगलं असेल.

सगळेच असं करतात असंही नाही. वांग शू या आर्किटेक्टनं निंगबो शहराचं इतिहास संग्रहालय बांधलं, २००८ मध्ये पूर्ण झालं. आसपासची पाडलेली गावं होती, त्यांच्याच विटा आणि कौलं गोळा करून त्यानं भिंती रचल्या, तिथल्या गवंड्यांच्या जुन्या पद्धतीनं. गावातली माणसं तिथं येऊन भिंतीत आपल्या घराची वीट शोधू शकतात. २०१२ मध्ये त्याला प्रित्झ्कर पुरस्कार मिळाला. ती इमारत सजावट वाटत नाही, पंचनामा वाटतो. पण हॉटेलमालकाला पंचनामा परवडत नाही, हेही मला कळतं. लोक जेवायला येतात, रडायला नाही.

लॅपटॉपवर मुलीनं शेवटी एक फोटो दाखवला. चीनच्या आनहुई प्रांतातलं जुनं घर. मधोमध उघडा चौक, चारी बाजूंची छपरं आत उतरती, पावसाचं पाणी चौकात पडतं. त्याला ते 'आकाशाची विहीर' म्हणतात. चार दिशांचं पाणी घरात आलं की लक्ष्मी घरात आली, अशी समजूत. बाहेरून भिंती उंच, बंद. उजेड, वारा, पाऊस सगळं मधून. मी म्हटलं, "अगं, हा तर वाडा."

ती म्हणाली, "काका, आमचाच."

तिचं लहानपण बाजारपेठेतल्या त्यांच्या वाड्यात गेलं. दोन चौकी होता. पावसाळ्यात चौकात पन्हळीचं पाणी धो धो पडायचं, आम्ही शाळेतून येऊन त्याखाली उभे राहायचो, तिचा बाप आणि मी. चार वर्षांपूर्वी भावांच्या वाटण्या झाल्या आणि वाडा पाडला. सागवानी खांब, तुळया, कोरलेली गणेशपट्टी, सगळं एका जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्यानं उचललं. खांब नगावर, बाकी वजनावर. त्या पैशातून बायपासची जागा घेतली. त्यात चूक काही नाही, चार भावांना एक वाडा कसा पुरणार? पण गेल्या दिवाळीत मुलगी मैत्रिणींबरोबर पुण्यातल्या एका 'पारंपरिक मराठी थाळी'च्या हॉटेलात गेली. तिथं दारातच तिला एक खांब दिसला. पायथ्याशी कमळ आणि एका पाकळीला खोक. ती खोक माझ्या क्रिकेटच्या बॅटची आहे, हे मी कोर्टात सांगेन.

तिनं बापाला सांगितलं नाही. मीही सांगितलं नव्हतं. आता तो हे वाचेलच. वाच बाबा.

म्हणजे बघा, गंमत कशी आहे. आपल्या वाड्याचे खांब पुण्यात वातावरणनिर्मिती करतायत आणि आपण बायपासवर सॅन फ्रान्सिस्कोचा पॅगोडा उभा केलाय. आनहुईच्या घरासारखा उघडा चौक ज्याच्या स्वतःच्या घरात होता, त्यानं चिनी हॉटेल बांधताना खिडकीसुद्धा ठेवली नाही. एसी बंद पडला की आत भट्टी. नुसता तो चौक नेला असता, मधे एक झाड, वर आभाळ, कडेनं गोल टेबलं, तरी सगळ्यात अस्सल चिनी हॉटेल झालं असतं आणि आपलंही. आणि हे करायला ड्रॅगनच्या निम्मा खर्च आला असता. ड्रॅगनचं बिल मी बघितलंय, आकडा सांगत नाही, मैत्री आहे.

कुणी म्हणेल, तू हॉटेलच्या सजावटीवर एवढं का पेटलास. कारण असं की आता पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींना नोटिसा निघाल्यात. त्यात बाजारपेठेतले सहा वाडे आहेत. त्यातल्या दोन खरंच पडायला आल्यात, मी आत जाऊन बघितलं, तुळई वाळवीनं पोकळ झाली आहे. तिथं भाडेकरू राहतात, त्यांचा जीव आधी. पण उरलेल्या चारांचा पंचनामा मला तरी रस्त्यावरूनच केलेला दिसतो. एकाच्या नोटिशीत 'दुमजली दगडी बांधकाम' लिहिलंय, तो वाडा एकमजली आहे. लाकडाचा व्यापारी मात्र परवाच येऊन चारही वाड्यांचे खांब मोजून गेला. नोटीस लागायच्या आधी त्याला कसं कळलं, हे मी विचारलं, तेव्हा कार्यालयातून उत्तर मिळालं नाही.

ड्रॅगनच्या निवेदनावर म्हणे दीडशे सह्या झाल्यात. त्या दीडशे जणांना माझी विनंती आहे. सोमवारी सकाळी अकरा वाजता नगरपरिषदेत या नोटिशींवर सुनावणी आहे. वाड्यांची पुन्हा तपासणी व्हावी, बांधकाम तज्ज्ञानं आत जाऊन करावी आणि भाडेकरूंची सोय लेखी ठरावी, असा अर्ज मी तयार केलाय. त्याच्यावर आत्तापर्यंत अकरा सह्या आहेत. बारावी मित्राच्या मुलीची, ती रविवारी रात्रीच्या एसटीनं येतेय. पांढरे कंदील तेवढे उतरवून ठेव, असा निरोप तिनं बापाला दिलाय.